इंग्रजी प्रबंधातली ठरीव वाक्यं मुलांना पाठ करायला द्यावीत का?

खाडीपलीकडची:
रत्नागिरीत विज्ञानाच्या पदव्युत्तर मुलांना मी शनिवारी दोन तास इंग्रजी लेखन शिकवते. मुलं लांजा, राजापूर, संगमेश्वरकडची. प्रयोग नीट करतात, आकडे चोख आणतात, पण पहिल्या वाक्यापाशी गाडी अडते. म्हणून यंदा चाळीसेक वाक्यांचे साचे कागदावर काढून दिले आणि सरळ पाठ करा म्हटलं. सहकारी खवळले, पोपट तयार करतेय म्हणाले. मला तसं वाटत नाही.

जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून त्यातली तीन पावलं दाखवली. १९९० पासून तीच मांडणी बहुतेक ठिकाणी शिकवतात. आधी शेत, म्हणजे विषय, दाखवायचं: 'देअर हॅज बीन ग्रोइंग इंटरेस्ट इन'. मग त्यातला पडीक, म्हणजे कोणी न अभ्यासलेला, तुकडा: 'हाउएव्हर, लिटल इज नोन अबाउट'. मग तिथे आपला नांगर: 'द प्रेझेंट स्टडी एक्झॅमिन्स'. इंग्रजी वाचत वाढलेल्याला हे नकळत येतं. आमच्या मुलांना कोणी सांगतच नाही. आपण मराठीत कारणं आधी सांगतो आणि 'म्हणून' करत शेवटी मुद्द्याला येतो, कारण क्रियापदच शेवटी. मूल तसंच इंग्रजी लिहितं आणि तपासणारा मुद्दा शोधत बसतो. साचा हातात असला की निदान क्रम तरी सुधारतो.

मालवणी चेडू:
ताई, ह्यां तर आमचां गाऱ्हाणां झालां! 'बा संपादका म्हाराजा, आजपर्यंत बऱ्याच जणांनी ह्या कामात हात घातलो, पण एक जागा रिकामी रवली, ती भरूक ह्यां लेकरू इलां आसा, तां गोड मानून घे म्हाराजा!' 'व्हय म्हाराजा!'
गाऱ्हाण्यात देवांची नावं आणि घरची अडचण तेवढी बदलते, बाकी सगळं ठरलेलं. तरी गाऱ्हाणं घालणारा पोपट आहे असं गावात कोणी म्हणत नाही. माझं मत ताईंना.

जुना परीक्षक:
मला पटलं नाही. बरीच वर्षं शेतीचे प्रबंध तपासले, त्यामुळे हे साचे माझ्या डोळ्यांसमोर नाचतात. 'द प्रेझेंट इन्व्हेस्टिगेशन एन्टायटल्ड अमुक वॉज कॅरीड आउट ॲट तमुक.' पुढे 'ट्रीटमेंट टी-५ वॉज फाउंड सिग्निफिकंटली सुपीरियर ओव्हर रेस्ट ऑफ द ट्रीटमेंट्स.' चर्चेच्या प्रकरणात 'धिस मे बी ड्यू टू' आणि त्याच्या शेपटाला 'सिमिलर रिझल्ट्स वेअर रिपोर्टेड बाय'. एकाच पानावर हे शेपूट पाच वेळा मोजलंय मी. पिकाचं नाव झाकलं तर प्रबंध भाताचा की वालाचा, कळायचं नाही.

तोंडी परीक्षेत एका मुलाला विचारलं, 'टी-३ वॉज ॲट पार विथ टी-५ लिहिलंयस, म्हणजे काय रे?' गप्प. दोन उपचारांतला, म्हणजे प्रयोगात तुलना केलेल्या दोन पद्धतींतला, फरक क्रिटिकल डिफरन्सपेक्षा, म्हणजे योगायोगानेही पडू शकेल अशा फरकाच्या मर्यादेपेक्षा, कमी आहे, म्हणून या प्रयोगावरून त्यांच्यात डावं-उजवं ठरवता येत नाही, एवढंच सांगायचं होतं. वाक्य पाठ होतं, अर्थ नव्हता. दुसऱ्याने तर फरक त्या मर्यादेच्या आत असताना 'सुपीरियर' ठोकून दिलं होतं, कारण आदल्या वर्षीच्या प्रबंधात तसं होतं. खताची गोण उघडलीच नाही आणि वर लेबल मात्र झकास. हे साच्यांचं फळ.

खाडीपलीकडची:
सर, तो मुलगा 'ॲट पार' शिकलाच नव्हता, त्याने ते उचललं. साचा लपूनछपून उचलला जातो तेव्हाच असं होतं. म्हणून तर मी उघड शिकवते, कुठलं वाक्य कधी वापरायचं नाही हेही सांगून. 'प्रूव्ह्स', 'शोज', 'सजेस्ट्स', 'मे सजेस्ट' ही उतरती पायरी आहे. तीस कलमांवर एका हंगामात प्रयोग केलेल्याने 'प्रूव्ह्स'वर पाय ठेवायचा नाही. मुलांना हे कळायला वेळ लागत नाही, कारण मराठीत 'मोहोर गळाला' आणि 'मोहोर गळाला असावा' यातला फरक त्यांना जन्मापासून ठाऊक आहे. इंग्रजीत त्या 'असावा'ची जागा कुठे, तेवढं दाखवायचं.

बंदरावरचा:
मी हर्णैचा, मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी. दोन्ही बाजूंना माझ्यासारखा कोणी दिसला नाही म्हणून लिहितोय.

माझ्या सारांशात मार्गदर्शकांनी एक वाक्य घालायला लावलं. मराठीत सांगायचं तर, या किनाऱ्यावर बांगडा कधी आणि का सरकतो याविषयी फारसं माहीत नाही. ताईंच्या यादीतलंच, 'लिटल इज नोन'. घरी बाबांना वाचून दाखवलं. ते जाळं सांधत होते. हात न थांबवता म्हणाले, 'कोणाला माहीत नाही?'

बाबा पाण्याचा रंग बघतात, पक्षी कुठे उतरतात ते बघतात, वारा कुठून फिरला ते बघतात. १ जूनची मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली की पहिल्या फेरीला कुठे जायचं हे आमच्या वाडीत ठरतं ते असल्याच हिशेबावर. मी जी माहिती 'गोळा' केली, त्यातली निम्मी बंदरावर उभं राहून यांनाच विचारून. आणि वर लिहिलं काय, तर माहीत नाही. हे वाक्य मी मुद्दाम खोटं म्हणून लिहिलं नाही. साच्यात रिकामी जागा होती, ती भरली. पण भरल्यावर ते खोटंच झालं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, राजा कोण आणि प्रसंग कुठला एवढं ठरतं, बाकी नट उभा राहून बोलतो. चुकला तर स्वतःचा चुकतो. साच्यातली चूक कोणाची म्हणायची?

जुना परीक्षक:
शाब्बास. मला जे पानभर लिहून जमलं नाही ते तुझ्या बाबांनी तीन शब्दांत सांगितलं.

परशुराम घाट:
सगळेच साच्यांवर तुटून पडलात म्हणून दुसरी बाजू. संस्कृतचे पंडित रा. गो. भांडारकर यांचा जन्म १८३७ चा, मालवणातला. धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे, १८८०. दोघांनी आयुष्यभर इंग्रजीत संशोधन लिहिलं. त्यांना कोणी चाळीस वाक्यं दिली नव्हती हे खरं, पण दोघांनी जी शास्त्रं पचवली त्यांत साचेच साचे आहेत! भाष्य उघडा: पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचा आक्षेप, मांडायचा, मग 'इति चेत्, न', म्हणजे असं म्हणाल तर नाही, मग 'कुतः', कशावरून, मग उत्तर. हजारो पानं याच चालीवर आहेत. विचार पातळ झाला नाही, उलट समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडल्याशिवाय पुढे सरकता येईना. इंग्रजीतलं 'इट माइट बी ऑब्जेक्टेड दॅट' त्याच जातीचं. गंमत म्हणजे आमची मुलं 'सिमिलर रिझल्ट्स' भरपूर लिहितात, आक्षेपाचं हे वाक्य मात्र क्वचितच. तेवढा एक साचा सक्तीचा करा.

कडू कोकम:
तत्त्वज्ञान राहू द्या. साचे वापरले की सॉफ्टवेअर साहित्यचोरीचा टक्का वाढवून दाखवतं, मग आमची पळापळ. त्याचं काय?

खाडीपलीकडची:
२०१८ ची यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, नियमावली वाच. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि सर्वसाधारण किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे मोजायचे नाहीत असं त्यातच आहे. 'लिटल इज नोन अबाउट' चार शब्दांचं. टक्का साच्याने फुगत नाही, साच्याच्या पुढचा परिच्छेद उचलल्याने फुगतो. तुझा अहवाल उघडून बघ, रंगवलेले भाग किती लांब आहेत.

कडू कोकम:
बघितला. काही बोलत नाही.

मालवणी चेडू:
एक शंका. आमच्याकडे 'आय' आणि 'वी' लिहिलं की लाल रेघ. सगळं 'इट वॉज ऑब्झर्व्ह्ड'. हा पण नियमच का?

परशुराम घाट:
सरसकट नाही. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली तो लेख जेमतेम पानभराचा, आणि त्याचं पहिलंच वाक्य 'वी'ने सुरू होतं: आम्ही एक रचना सुचवू इच्छितो. केवढा शोध, आणि क्रियापद 'सजेस्ट'! आपल्याला 'ऑब्झर्व्ह्ड' सोपं वाटतं कारण मराठीत 'आढळलं', 'दिसून आलं' म्हटलं की पाहणारा कोण हे सांगावंच लागत नाही. कृतीच्या प्रकरणात ते चालतं, तिथे झाडाला पाणी कोणी घातलं याच्याशी वाचणाऱ्याला देणंघेणं नसतं. पण निष्कर्ष तुझा असेल तर तिथे तुझं तोंड दिसायला हवं.

खाडीपलीकडची:
बंदरावरच्या, तुझं उत्तर राहिलं, मुद्दाम मागे ठेवलं होतं. तुझा घाव बसला. पण तुझं वाक्य मोडायला दशावताराची गरज नाही, दुसरा साचा पुरेल. 'लिटल इज नोन'च्या जागी 'लिटल हॅज बीन पब्लिश्ड' लिही. छापलेलं थोडं आहे, हे खरं आहे. त्याला जोडून 'फिशर्स ॲट हर्णै रिपोर्ट दॅट' असं वाक्य टाक आणि बाबांनी सांगितलेलं पाण्याचं, पक्ष्यांचं त्यात घाल. ती माहिती आहे, ऐकीव गप्पा नाहीत. कोणाकडून, कधी विचारलं, ते पद्धतीच्या प्रकरणात येऊ दे.

बंदरावरचा:
सरांना दाखवलं. 'रिपोर्ट' ठेवलं, पण आधी 'ॲनेक्डोटली', म्हणजे ऐकीव, जोडलं. ते काढा म्हणून भांडतोय. तुमची बाजू घेतली असं समजू नका, साचा बदलायला मला बाबा लागले. वर्गात बाकीच्यांचे बाबा नसतात.

जुना परीक्षक:
'ॲनेक्डोटली' राहिलं तर तोंडी परीक्षेत मी विचारीनच, किती जणांशी बोललास? आकडा तयार ठेव.

बंदरावरचा:
तेवीस. वहीत तारखांसकट आहेत.

लाजरं झाड:
वाद चालू द्या, पण ताई, ती चाळीस वाक्यांची यादी मिळेल का? माझा सारांश सोमवारी द्यायचाय.