वाचनकट्टा ग्रुप: गुडरीड्सची यादी स्टोरीग्राफवर नेताना

*सी-१०२ (सोसायटीच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली यांच्याकडे), सकाळी ९:०५*
सुप्रभात मंडळी. आपल्या शिफारशी सध्या तीन ठिकाणी विखुरल्या आहेत. काहींची खाती गुडरीड्सवर, काहींची स्टोरीग्राफवर (दोन्ही वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायच्या साइट) आणि उरलेलं सगळं या ग्रुपवर, जे दोन दिवसांत वर सरकून जातं. स्टोरीग्राफवर चारचौघांनी मिळून एक पुस्तक वाचायची सोय आहे. मराठी पुस्तकासाठी ती चालेल का? आणि गुडरीड्सवरची यादी तिकडे नेली तर मराठी नोंदींचं काय होतं? ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा. फॉरवर्ड नकोत.

*बी-४०३, ९:२१*
चालेल काकू. आधी यादीचं सांगतो.
गुडरीड्स ॲपमध्ये नाही, ब्राउझरमध्ये उघडायचं. मोबाइलवर असाल तर 'डेस्कटॉप साइट' निवडा. 'माय बुक्स'मध्ये गेलात की डाव्या पट्टीत खाली 'इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट' दिसेल. तिथे 'एक्स्पोर्ट लायब्ररी' दाबा. यादी मोठी असेल तर थोडं थांबा, त्याच पानावर फाइलची लिंक येते. ती सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) फाइल उतरवून घ्यायची आणि स्टोरीग्राफच्या खात्यात गुडरीड्स इम्पोर्टमध्ये चढवायची.
मधल्या मधे ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. नव्वद टक्के घोळ तिथेच होतो.

*ए-६०१, ९:२६*
दोन्ही खाती एकमेकांना थेट जोडता येत नाहीत का? दर वेळी फाइल कशाला?

*बी-४०३, ९:३०*
नाही काका. गुडरीड्स २०१३पासून ॲमेझॉनकडे आहे, आणि ८ डिसेंबर २०२०पासून त्यांनी बाहेरच्या सेवांना माहिती उचलण्यासाठी नव्या एपीआय की (थेट जोडणीची परवानगी) देणं थांबवलं. त्यामुळे फाइल हाच रस्ता. स्टोरीग्राफ वेगळी आहे, नादिया ओडुनायो यांनी २०१९मध्ये त्यावर काम सुरू केलं.

*ए-६०१, ९:३२*
बरं. आणि एक्सेलनं काय बिघडतं?

*बी-४०३, ९:४८*
दोन गोष्टी बिघडतात.
पहिली, नागरी लिपी. फाइल यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या साठवणाऱ्या सांकेतिक पद्धतीत असते. डबल क्लिक करून उघडली तर एक्सेल बऱ्याचदा ती दुसऱ्याच सांकेतिक पद्धतीनं वाचतं, आणि मराठी शीर्षकांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसते. त्यावर सेव्ह दाबलं की ती रांगच कायम होते, मूळ शीर्षक परत मिळत नाही.
दुसरी, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. गुडरीड्स तो आकडा बरोबरचं चिन्ह (=) आणि अवतरणचिन्हं लावून देतं, म्हणजे तो मजकूर म्हणून राहावा. सेव्ह करताना एक्सेल ते आवरण काढून टाकतं. पुढच्या वेळी उघडलं की तेरा आकडी क्रमांक ९.७८ई+१२ असा दिसतो, आणि तसाच पुन्हा सेव्ह झाला तर शेवटचे आकडे गेले. मग स्टोरीग्राफला पुस्तक ओळखायला काही उरतच नाही.
बघायचीच असेल तर आधी फाइलची प्रत काढा. एक्सेलमध्ये 'डेटा' टॅब, 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', फाइल ओरिजिन ६५००१ यूटीएफ-८, आणि आयएसबीएनचे दोन्ही रकाने 'टेक्स्ट' करा. गूगल शीट्समध्ये 'फाइल', 'इम्पोर्ट', आणि आकडे-तारखा आपोआप बदलण्याची खूण काढा. चढवायची मात्र मूळ, न उघडलेली फाइल.

*सी-१०२, ९:५३*
मग सगळ्यांनी फाइल इथे ग्रुपवर टाका, मी एकत्र चढवते.

*बी-२०१, ९:५५*
काकू, नको! त्या फाइलमध्ये 'प्रायव्हेट नोट्स' असा रकाना असतो. पुस्तकाखाली फक्त स्वतःसाठी लिहिलेलं सगळं त्यात उतरतं. कोणाला पुस्तक उसनं दिलंय, कोणत्या पानावर काय वाटलं, सगळं. शिवाय वाचल्याच्या तारखा. प्रत्येकानं आपापली फाइल आपापल्या खात्यात चढवावी. कपाटासाठी हवी तर वेगळी, फक्त शीर्षक-लेखक-आयएसबीएनची यादी करू.

*सी-१०२, ९:५७*
बरं झालं सांगितलंस ताई. सगळ्यांनी वाचा रे हे.

*ए-२०४, १०:१०*
माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. गुडरीड्सवर मराठी पुस्तकांना तारे दिले तरी शिफारशीत इंग्रजी बेस्टसेलरच का येतात?

*बी-२०१, १०:३४*
दादा, मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांब लिहिते.
२०११मध्ये गुडरीड्सनं डिस्कव्हरीड्स नावाची कंपनी घेतली आणि त्याच वर्षी शिफारशींचं यंत्र सुरू केलं. तुम्ही किमान २० पुस्तकांना तारे दिले की ते कामाला लागतं. तुमच्यासारखे तारे आणखी कोणी दिलेत ते शोधतं आणि त्या माणसांना आवडलेलं पण तुम्ही न वाचलेलं पुढे करतं. म्हणजे एका पुस्तकाला पुरेशा माणसांचे तारे एकाच नोंदीवर जमले तरच ते पुस्तक यंत्राला दिसतं.
मराठीत इथेच अडतं. वाचक आधीच कमी, त्यात एका पुस्तकाच्या तीन-चार नोंदी. 'कोसला' घ्या. कोणी नागरीत लिहिलं, कोणी रोमनमध्ये 'एस'नंतर 'ए' घालून, कोणी न घालता. लेखकांच्या नावांचं त्याहून अवघड. 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल. देशपांडे', 'पुल देशपांडे', रोमनमध्ये 'पी. एल.' आणि 'पु. ला.'. माणसाला हे सगळे एकच, यंत्राला पाच वेगळे. चाळीस जणांनी वाचलेलं पुस्तक आठ-आठ जणांच्या पाच ढिगांत वाटलं गेलं की त्याची शिफारस कोणालाच होत नाही.
म्हणून नवी सोय कुठली आली यापेक्षा आपल्या नोंदी एक झाल्या का, ते आधी बघा. हे आपल्या हातातलं काम आहे.

*ए-२०४, १०:३६*
एक कशा करायच्या?

*बी-२०१, १०:४७*
गुडरीड्सवर ज्यांच्या शेल्फवर किमान ५० पुस्तकं आहेत त्यांना 'लायब्रेरियन' होण्यासाठी अर्ज करता येतो. परवानगी मिळाली की एकाच पुस्तकाच्या नोंदी जोडता येतात, चुका दुरुस्त करता येतात. बाकीच्यांनी तिथल्या लायब्रेरियन गटात विनंती टाकायची आणि दोन्ही नोंदींच्या लिंक द्यायच्या.
लेखकाच्या नावाची तिथली पद्धत अशी: मुख्य लेखक रोमन लिपीत, नागरीतलं नाव दुसरं लेखक म्हणून खाली. आपल्याला हे खटकतं, पण त्यामुळेच सगळी पुस्तकं एका लेखकाखाली येतात. शीर्षक मात्र पुस्तकावर छापलंय तसं, नागरीतच ठेवायचं.
अनुवादही मूळ पुस्तकाशी जोडलेले असतात. 'कोसला'चा इंग्रजी अनुवाद 'ककून' मूळ पुस्तकाचीच आवृत्ती म्हणून बसतो आणि ताऱ्यांची सरासरी दोघांची मिळून दिसते. अनुवाद आवडला नाही म्हणून दिलेले दोन तारे मूळ पुस्तकालाही लागतात, तेव्हा परीक्षणात कुठल्या भाषेत वाचलं ते लिहा.

*सी-५०२, ११:०२*
यात टायपिंगचाही भाग आहे, तोही सांगून ठेवतो. मी डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर मांडायचं काम करतो.
१. 'दुःख'मधला विसर्ग. अर्धी दुनिया तिथे कोलन टाइप करते. डोळ्यांना सारखंच, शोधताना वेगळं.
२. 'ॲ'. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या समान अक्षरसंचात हे एकच स्वतंत्र अक्षर आहे. जुन्या कीबोर्डांवर ते नव्हतं म्हणून लोक 'अ' घेऊन वर चंद्र लावत. दिसायला एकच, आतून दोन. 'ॲ'नं सुरू होणारं शीर्षक सापडलं नाही तर दुसऱ्या पद्धतीनंही टाइप करून बघा.
३. आयएसबीएन मराठी कीबोर्डवरून भरू नका. नागरी आकडे गेले तर जुळत नाहीत. तेवढ्यापुरता इंग्रजी कीबोर्ड घ्या, रेघा-जागा न सोडता सलग १३ आकडे.
४. जुन्या पीडीएफमधून शीर्षक कॉपी करू नका. ते बऱ्याचदा युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधलं असतं, चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो.

*ए-६०१, ११:०८*
माझ्याकडच्या बऱ्याच पुस्तकांवर आयएसबीएनच नाही. काहींवर बारकोड आहे पण स्कॅन केला तर काहीच सापडत नाही.

*बी-४०३, ११:२५*
काका, बारकोडखालचे पहिले आकडे बघा. ९७८नं सुरू होत असेल तर आयएसबीएन. ८९०नं सुरू होत असेल तर तो भारतात नोंदलेल्या मालाचा साधा कोड, साबणाच्या वडीवर असतो तसा. पुस्तकांच्या सेवांना तो कळत नाही. कधी कधी दुकानानं स्वतःचा स्टिकर लावलेला असतो, तोही उपयोगाचा नाही. अशा वेळी मुखपृष्ठ उलटून श्रेयनामावलीचं पान बघा, तिथे बहुतेक वेळा आयएसबीएन छापलेला असतो. भारतातले ९७८-८१ किंवा ९७८-९३ने सुरू होतात.
२००७च्या आधीच्या पुस्तकांवर दहा आकडीच असेल, शेवटी कधी 'एक्स'. तो तसाच टाकून शोधा. नाही सापडला तर तेरा आकडी करा: शेवटचा आकडा काढा, पुढे ९७८ लावा, मग बारा आकड्यांना आळीपाळीनं १ आणि ३नं गुणून बेरीज करा. बेरीज पुढच्या दशकाला जितकी कमी तितका नवा शेवटचा आकडा. बेरीज ९३ आली तर ७, १०० आली तर ०. नुसतं पुढे ९७८ चिकटवून चालत नाही, शेवटचा आकडा बहुतेक वेळा बदलतो.
ज्यावर काहीच नाही ते हातानं भरायचं. स्टोरीग्राफवर कोणालाही पुस्तक घालता येतं. शीर्षक, लेखक, प्रकाशक, पानं, साल, भाषा मराठी आणि मुखपृष्ठाचा सरळ, सावली न पडलेला फोटो.

*सी-५०२, ११:३१*
साल शके असेल तर ७८ मिळवा. शके १८८५ म्हणजे १९६३. छापलेला महिना माघ-फाल्गुन असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं.
आणि 'सातवी आवृत्ती' असं छापलंय म्हणून सातवी नोंद करू नका. मराठीत पुष्कळदा नुसत्या पुनर्मुद्रणालाही आवृत्ती म्हणतात. मजकूर तोच, आयएसबीएन तोच, पानं तीच असतील तर आहे त्याच नोंदीवर वाचलं म्हणून खूण करा. प्रकाशक बदलला किंवा मजकूर सुधारला तरच नवी आवृत्ती, आणि तीही त्याच पुस्तकाखाली.

*ए-२०४, ११:४०*
हे फार उपयोगी आहे. यादी तिकडे नेली की तारे तसेच येतात ना?

*बी-४०३, ११:५२*
तारे येतात, तारखा येतात, तुम्ही केलेली शेल्फं टॅग होऊन येतात. पण चढवून झालं की जुळली नाहीत अशी पुस्तकं स्वतः तपासा. आयएसबीएन नसलेलं पुस्तक शीर्षक-लेखकावरून जुळवताना भलतीच आवृत्ती, कधी अनुवादच बसतो. भाषा आणि पानांची संख्या बघितली की लगेच कळतं. पानं चुकली तर वर्षाअखेरचा पानांचा हिशेबही चुकतो.
ताऱ्यांचा अर्थ मात्र दोन्हीकडे सारखा नाही. गुडरीड्सवर अर्धा तारा नाही, आणि त्यांच्या खुणेत ३ म्हणजे 'आवडलं', २ म्हणजे 'ठीक'. आपल्याकडे ३ला लोक 'बरं, पण विशेष नाही' समजतात. स्टोरीग्राफवर पाव ताऱ्यापर्यंत देता येतो. नेल्यावर निदान आवडत्या पुस्तकांचे तारे एकदा नव्यानं बघून घ्या, ३.७५ आणि ४.२५ हा फरक तिथे खरंच उपयोगी पडतो.

*सी-१०२, १२:०४*
आता एकत्र वाचनाचं सांगा कोणीतरी.

*बी-२०१, १२:१९*
त्याला 'बडी रीड' म्हणतात काकू. पुस्तकाच्या पानावरून सुरू करायचं, आपल्या मंडळींना आमंत्रण द्यायचं. प्रत्येकजण आपण कुठवर आलो ते भरतो आणि त्या जागेवर टिप्पणी लिहितो. २१०व्या पानावर लिहिलेलं, तिथवर न पोचलेल्याला झाकलेलं दिसतं. शेवट फुटत नाही, ही याची खरी गंमत.
आपल्याकडे अडचण एवढीच, की कपाटातली प्रत जुनी, कोणाची नवी, कोणाची ई-पुस्तक. पानं जुळत नाहीत. म्हणून सगळ्यांनी पान न भरता टक्के भरावेत. चारशे पानांच्या प्रतीत शंभरावं पान आणि तीनशे वीस पानांच्या प्रतीत ऐंशीवं, दोन्ही २५ टक्के. प्रस्तावना लांबलचक असेल तर कादंबरी कुठल्या पानापासून सुरू होते ते पहिल्याच टिप्पणीत लिहून ठेवा.
पुस्तकाची लय, मनःस्थिती आणि त्रासदायक मजकुराच्या सूचनाही वाचकांनीच भरायच्या असतात. मराठी पुस्तकांवर हे रकाने पुष्कळदा रिकामे असतात. वाचून झालं की ते एक मिनिट जरूर द्या. घरात नुकतंच कोणी गेलं असेल त्या वाचकाला 'मृत्यू' ही सूचना आधी मिळणं महत्त्वाचं आहे.

*ए-६०१, १२:२६*
आणि कपाटातली देवाणघेवाण? तीही यावरच?

*बी-४०३, १२:३८*
त्यासाठी मी लायब्ररीथिंग ही पुस्तकांची सूची ठेवायची साइट सुचवेन. २००५पासून चालू आहे, २०२०पासून कितीही पुस्तकं घालायला पैसे लागत नाहीत. कोणाला दिलं, कधी दिलं याची नोंद तिथे ठेवता येते. त्यांचंच टायनीकॅट छोट्या ग्रंथालयांसाठी आहे, २०,००० नोंदींपर्यंत, पण संस्थेला ते सशुल्क आहे. आपल्या एका कपाटाला साधं खातं पुरे.

*बी-२०१, १२:४१*
गुडरीड्सवरच राहणाऱ्यांसाठी: प्रोफाइल फक्त मित्रांना दिसेल असं ठेवलं, तरी पुस्तकाखालचं तुमचं परीक्षण इतरांना दिसतं. फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, मुलांची नावं परीक्षणात नकोत.

*सी-१०२, १२:५०*
नोंदीचा साचा पिन करते आहे, ३० दिवस वर राहील:
शीर्षक (नागरीत, छापल्याप्रमाणे) / लेखक / आयएसबीएन इंग्रजी आकड्यांत, नसेल तर 'नाही' / प्रकाशक / इसवी सन / पानं / विंग.
ए विंगनं वरचे दोन कप्पे, बी विंगनं मधले, सी विंगनं खालचे. बी-४०३ दादा, ८९०वाल्या बारकोडची पुस्तकं वेगळी काढून ठेवते, ती संध्याकाळी येऊन बघशील का?

*बी-४०३, १२:५२*
साडेसातला येतो काकू. श्रेयनामावलीच्या पानांचे फोटो काढायला उजेड चांगला लागेल, कपाटाजवळचा बंद दिवा तेवढा बदलून घ्या.