करवंटीच्या वाट्यांना चिरा जाताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही भुसावळला राहतो. दिवाळीत मावसबहिणीनं वेंगुर्ल्याहून करवंटीच्या सहा वाट्या आणल्या. नुसत्या घासून गुळगुळीत केलेल्या, वार्निश नाही. सासूबाईंचे हात थरथरतात, स्टीलचा पेला निसटतो. ही वाटी मात्र त्यांच्या दोन्ही तळव्यांत नीट बसते. दुपारचं ताक त्या आता यातूनच घेतात, म्हणून कृपया ‘नवीन आणा’ असं सांगू नका.

ऊन तापायला लागलं आणि एका वाटीला काठापासून केसासारखी चीर गेली. दोघींत आतून पांढरे डाग आहेत. एक बुडातून ठिबकते. ताकाचा आंबट वास तर धुऊनही जात नाही.

वाट्या बाकीच्या भांड्यांबरोबर बादलीत भिजतात, मग घासून गच्चीवर उन्हात. पाणी बोअरचं, जड. घरातलं शेंगदाण्याचं तेल लावून पाहिलं, तर चिकट झाल्या नि खवट वास सुटला. चीर बुजवता येते का? डाग बुरशीचे की क्षारांचे, कसं ओळखायचं?

प्रतिसाद (धुळे):
ताई, आधी बादली आणि गच्ची दोन्ही बंद करा. करवंटी लाकडासारखीच, भिजली की फुगते, वाळली की आकसते. तासभर भिजवून आपल्या मे महिन्याच्या उन्हात टाकली तर चिरणारच. पिऊन झालं की लगेच साध्या पाण्यानं, मऊ घासणीनं धुवा, पुसा आणि सावलीत आडवी ठेवा म्हणजे आत हवा खेळेल. कूलरच्या झोतातही नको.

तेल खोबरेलच. शेंगदाण्याच्या मानानं ते फार उशिरा खवट होतं. वाटी पूर्ण कोरडी झाल्यावर दोन-चार थेंब चोळा, रात्रभर राहू द्या, सकाळी सुती फडक्यानं पुसून काढा. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा. आधीचा चिकटपणा बारीक पॉलिश पेपरनं निघेल.

डागावर लिंबू चोळून पाहा. विरघळला तर क्षार. बोटाला भुरा लागला, कुबट वास आला तर बुरशी. घासून, वाळवूनही ती परत आली, तर ती वाटी सासूबाईंना देऊ नका.

प्रतिसाद (चोपडा):
चिरलेली वाटी पिण्यातून काढाच. चिरेत ताक अडकतं, ते घासणीनं निघत नाही. झटपट चिकटणारा गोंद खाण्यापिण्याच्या भांड्यात नको. देवापुढे फुलं ठेवायला छान होईल.

ठिबकणारी डोळ्यांकडच्या अर्ध्या भागाची असणार. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, कोंब तिथूनच फुटतो. मधमाशीचं शुद्ध मेण वितळवून तिथे भरा. ते साधारण ६२ अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे थंड ताकाला चालेल. फुणक्यांबरोबरची गरम कढी मात्र त्यात ओतू नका. वासासाठी खायचा सोडा पाण्यात कालवून दहा मिनिटं लावून ठेवा.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. लिंबानं एकीचे डाग गेले, दुसरीचे नाही. ती घासून आठवडाभर बाजूला ठेवतेय. सासूबाईंना आज चांगल्या वाटीतून ताक दिलं. मेण चोपड्याकडे कुठे मिळेल का?