मदत हवी आहे: बाबांची १९५२ ची डॉज किंग्जवे जाणत्या हातात द्यायची आहे

तिसरीगल्ली

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचक होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

दादरच्या हिंदू कॉलनीत आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गॅरेजमध्ये १९५२ ची डॉज किंग्जवे उभी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जोडलेली. आजोबांनी १९६१ साली त्यांच्या एका पेशंटकडून घेतली, मग ती बाबांच्या नावावर झाली. कॉलनीतली पोरं तिला हत्तीण म्हणायची, कारण रंग राखाडी आणि गल्लीत वळताना तिला तीनदा पुढे-मागे करावं लागायचं.

इंजिन मूळचं आहे, सहा सिलिंडरचं पेट्रोल. पेट्रोल महागल्यावर आजूबाजूच्या सगळ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिनं बसली, पण बाबांनी बसवू दिलं नाही. परवडत नाही तर रविवारीच चालवू म्हणाले, आणि शेवटपर्यंत रविवारीच चालवली, शिवाजी पार्कपर्यंत आणि परत. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, तीन. बॅटरी ६ व्होल्टची. डावा मागचा दरवाजा आणि डिकीचं झाकण सोडलं तर रंग पहिलाच, पण आता हात फिरवला की खडूसारखा हाताला लागतो. सीटचं कापड बदलून रेक्झिन केलेलं आहे. किलोमीटरचा काटा माझ्या लग्नाच्या आधीपासून बंद. गेले पाच महिने गाडी सुरू केलेली नाही.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय, दिवाळीनंतर गॅरेज रिकामं करायचंय. आम्हाला मुलुंडला भाड्याचं घर मिळालंय, तिथलं पार्किंग यांत्रिक. त्या पिंजऱ्यात हत्तीण शिरणं शक्य नाही.

आत्तापर्यंत दोन जण आले. भंगारवाला ७० हजार म्हणाला. दुसरा लग्नांना आणि शूटिंगला गाड्या भाड्याने देतो. तो ४ लाख द्यायला तयार आहे, सगळे रोख, पण म्हणाला, "लाल करतो आणि छप्पर कापून ओपन करतो, वरातीला डिमांड आहे." मला रात्रभर झोप लागली नाही. पुण्याचा दादा म्हणतो, दे आणि मोकळी हो.

पैसे नकोत असं नाही. पण ज्यांना ही गाडी काय आहे ते कळतं, अशा माणसांपर्यंत पोचायचं कसं? किंमत कशी ठरवतात? विकण्यापूर्वी रंग काढून घ्यावा का? आरसी अजून बाबांच्याच नावावर आहे आणि तिची मुदतही संपलीय, त्याचं काय करायचं?

स्पॅनर

ताई, सगळ्यात आधी: रंग काढू नका. पॉलिशही नको. स्वच्छ पाण्याने धुवा आणि थांबा. नव्या रंगाखाली काय दडलंय हे घेणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तो सगळ्यात वाईट धरून चालतो. खडू झालेला मूळ रंग म्हणजे खाली लांबी (पुट्टी) भरलेली नाही याचा पुरावा. येणारा माणूस फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन येईल आणि पत्र्यावर फिरवेल, पुट्टीवर ते चिकटत नाही. फिरवू द्या.

दुसरं, पाच महिने उभी असलेली गाडी कुणी आलं म्हणून उत्साहाने सेल्फ मारून सुरू करू नका. जुनं पेट्रोल काढून टाका. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडा, रात्रभर ठेवा, टॉप गिअरमध्ये टाकून दोघातिघांनी हळूच पुढे-मागे ढकला. इंजिन मोकळं फिरलं तरच पुढे जा. आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. फ्युएल पंपाचा जुना डायफ्राम आणि रबरी नळ्या त्याने फुगतात, गळतात. गळकं पेट्रोल आणि तापलेलं इंजिन एकत्र नको, ते आधी बदलून घ्या.

आता चार गोष्टी सांगा. ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर आरसीशी जुळतो का? तो डाव्या बाजूला पुढे, डायनामोच्या वर असतो, वायर ब्रशने घासा. सिलिंडर हेडची लांबी टेपने मोजा, २३ इंच की २५? क्रायस्लरच्या या साइड व्हॉल्व्ह इंजिनाचे दोन प्रकार होते, एकाचं गॅस्केट दुसऱ्याला बसत नाही. बाहेरून पार्ट मागवणाऱ्याला हे आधी कळलेलं बरं. तिसरं, गाडी तापते का? आणि चौथं, सगळे विचारणारच: २६ जुलै २००५ ला गाडी कुठे होती?

तिसरीगल्ली

स्पॅनर, खूप आभार. रंगाचं कोटेशन घेऊन ठेवलं होतं, ते फाडलं.

नंबर जुळतो. हेड २३ इंच. २६ जुलैला गॅरेजमध्ये घोट्याच्या वरपर्यंत पाणी आलं होतं, पण बाबांनी दुपारीच चारही चाकांखाली विटा लावल्या होत्या. तो विटांवरचा फोटो आहे घरात. तापायची मात्र, चढावर आणि सिग्नलला.

स्पॅनर

तो फोटो जाहिरातीत टाका, दहा पॉलिश केलेल्या फोटोंपेक्षा जास्त बोलेल.

तापण्याचं कारण बहुतेक रेडिएटर नाही. या इंजिनात वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकच्या आत एक लांब पत्र्याची नळी असते, पुढचं पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत वाटणारी. ती गंजून चाळण होते, मग मागचे सिलिंडर तहानलेले राहतात. काढायला रेडिएटर आणि पंप दोन्ही उतरवावे लागतात, म्हणून मेकॅनिक टाळतात. तुम्ही करत बसू नका, फक्त लिहा: "चढावर तापते, आतली नळी तपासलेली नाही." ज्याला कळतं तो हे वाचून खूश होईल.

फॉर्मतीस

कागदांचं सांगतो, कारण अशा गाड्यांचा सौदा इंजिनावर नाही, कागदावर अडतो.

वडिलांच्या नावावर असलेली गाडी तुम्ही थेट विकू शकत नाही. आधी वारसाच्या नावावर करायची: फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, आई आणि भावाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. मुदत तीन महिन्यांची असते, ती उलटली आहे, तेव्हा दंडाची तयारी ठेवा. जुनं पुस्तक असेल तर गाडी ऑनलाइन 'वाहन' प्रणालीत दिसते का तेही बघा. नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद तिथे चढवून घेणं, नाहीतर पुढचं काहीच सरकत नाही.

मुदत संपलेल्या नोंदणीसाठी दोन वाटा. एक नेहमीची: पासिंग, पर्यावरण कर, पाच वर्षांचं नूतनीकरण. दुसरी विंटेजची. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. फी २० हजार, मुदत १० वर्षं, नंतरच्या नोंदणीला ५ हजार. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, 'व्हीए' अक्षरांची नंबरमालिका नव्याने नोंदवणाऱ्यांसाठी. मात्र चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही.

थोडक्यात, तुमच्या छप्परकाप्या गिऱ्हाइकाला विंटेज नोंदणीचा काडीचा उपयोग नाही. ज्याला आहे तो आपोआप तुमचा माणूस. गंमत म्हणजे जुन्या गाड्यांचे क्लबवाले साधारण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्यांनाच विंटेज म्हणतात, तुमची त्यांच्या लेखी क्लासिक. आरटीओत विंटेज म्हणा, त्यांच्यात क्लासिक म्हणा.

आणि ४ लाख रोख विसरा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

चहाबिस्किट

मुंबईत माणसांना राहायला जागा नाही आणि इथे पेट्रोल पिणाऱ्या हत्तिणीसाठी दोनशे ओळी. भंगारात द्या, पत्रा तरी कामी येईल.

तिसरीगल्ली

जागा नाही म्हणूनच विकतेय हो.

कुर्लाकर

धागा वाचून राहवलं नाही. माझे वडील प्रीमियरमध्ये कामाला होते. ते लागले तेव्हा फियाटचं राज्य होतं, पण जुने फिटर डॉज-प्लिमथच्या गोष्टी सांगायचे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली कंपनी काढली आणि क्रायस्लरशी करार करून या गाड्या कुर्ल्यात जोडायला घेतल्या. किंग्जवे म्हणजे खरं तर प्लिमथच, तोंड तेवढं डॉजचं. तेव्हा शिवडीत जनरल मोटर्सचाही जुळणीचा कारखाना होता, १९२८ पासूनचा. १९५४ मध्ये बंद झाला. या शहरात अमेरिकन गाड्या नुसत्या बोटीतून उतरत नव्हत्या, इथल्या कामगारांच्या हातांखालून जात होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे? वडिलांना फोटो दाखवायचाय. बॉनेटवरचा मेंढा, डॉजचं चिन्ह, जागेवर आहे ना?

तिसरीगल्ली

काका, मेंढा कपाटात आहे, साड्यांच्या खाली. एकदा कोणीतरी तो उचकटायचा प्रयत्न केला, तेव्हापासून बाबा तो फक्त रविवारी लावायचे.

उलटेआटे

घेणारा कसा ओळखायचा, यावर माझा उपाय. या गाडीचं डावं चाक खोलायला सांगा.

क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे असतात. नेहमीसारखं सोडवायला गेलात की आणखी घट्ट होतात. आमच्या प्लिमथला लोणावळ्याजवळ पंक्चर झालं तेव्हा दोन धट्टेकट्टे गडी पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभे राहिले आणि बोल्ट मधून मोडला. मी लहान होतो, वडील तेव्हा काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

जो न सांगता पाना उलटा फिरवेल, त्याच्याशी किमतीचं बोला. बाकीच्यांना चहा पाजा.

स्पॅनर

उलटेआटे, जबरा! ताई, याच जातीची आणखी एक खूण. जाणकार माणूस बॅटरी बघताना विचारेल, पॉझिटिव्ह अर्थिंग ना? कारण आपल्या नेहमीच्या गाडीत बॉडीला निगेटिव्ह जोडतात, हिच्यात पॉझिटिव्ह. कुणालाही शेजारच्या १२ व्होल्टच्या गाडीवरून केबल लावून "स्टार्ट करून बघू" म्हणू देऊ नका.

माटुंगावाले

दोन गाड्या विकल्यात, एक घेतली, तो अनुभव.

किंमत इथे विचारू नका आणि उघड्यावर लिहूही नका. या गाड्यांना बाजारभाव असा नसतो, कारण बाजारच नाही. फार तर पन्नास माणसं आणि त्यांचे फोन. त्यातल्या पाच जणांनी गाडी बघून मनातला आकडा सांगितला की तुम्हाला अंदाज येतो. पहिल्या आकड्याला हो म्हणायचं नाही, तो नेहमी चाचपणीचा असतो. जाणकार हिशेब उलटा मांडतो: चालती आणि कागद साफ असलेली गाडी किती, त्यातून टायर, क्रोम, ती नळी, आरटीओचा खर्च वजा. म्हणून कागद तुम्ही आधीच पूर्ण केलेत तर तेवढी वजाबाकी कमी.

माणसं शोधायला विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया मुंबईचाच आहे, त्यांच्याशी बोला. जुन्या गाड्यांची रॅली असेल तेव्हा फोटो घेऊन उभ्या राहा, गाडीमालकांपेक्षा त्यांच्या मेकॅनिकांशी गप्पा मारा. कोण गाडी चालवतो आणि कोण नुसती झाकून ठेवतो, हे त्यांनाच माहीत असतं.

फोटोत आधी दोष: गंज, फाटलेलं रबर, रंग बदललेला दरवाजा. मग बाकीचं. थंड इंजिन सुरू होतानाचा न कापलेला व्हिडिओ एक. पत्ता आणि पूर्ण नंबर टाकू नका. "टोकन पाठवतो, कोड स्कॅन करा" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे ब्लॉक.

गाडी टो करून नाही, फ्लॅटबेडवर चढवून द्यायची. ताबा पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही. फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या करून द्यायच्या नाहीत, कितीही गोड माणूस असला तरी.

तिसरीगल्ली

दोन महिन्यांनी परत येतेय. वाट बघायला लावली, क्षमस्व.

बॅकलॉग एंट्रीतच पाच आठवडे गेले. गाडी आता आईच्या नावावर आहे, दादाने पुण्याहून प्रतिज्ञापत्र पाठवलं. विंटेजचा अर्ज घेणाऱ्यावर सोडलाय, तसं लिहून घेतलंय.

एकूण अकरा जण येऊन गेले. सात जणांनी पहिला प्रश्न "अ‍ॅव्हरेज किती देते?" हा विचारला. एकाने सेल्फी काढला आणि गेला. एकाने डाव्या चाकाला पाना लावून जोर काढायला सुरुवात केली, तेव्हा मीच ओरडले.

ठाण्याचे एक काका आणि त्यांची मुलगी आली. काकांनी फार काही विचारलं नाही, विटांवरचा फोटो बराच वेळ बघत बसले. मुलगी खाली वाकली आणि बोल्टच्या टोकावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, यावर 'एल' आहे, उलटे आहेत." दादा योगायोगाने तिथेच होता. "हिलाच दे," म्हणाला. तोच दादा, मोकळी हो म्हणणारा.

आकडा लिहीत नाही, माटुंगावाल्यांचा सल्ला. वरातवाल्यापेक्षा जास्त आहे आणि सगळा बँकेतून. मागच्या शनिवारी गाडी फ्लॅटबेडवर गेली. वळताना तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी ट्रकलाही तीनदा पुढे-मागे करावं लागलं.

कुर्लाकर काका, ते ठाण्याचे काका म्हणालेत, तुमच्या वडिलांना घेऊन कधीही या. नंबर व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवते. मेंढा अजून माझ्या कपाटातच आहे. आरसी त्यांच्या नावावर झाली की नेऊन देईन, तसं ताबा पावतीवर लिहिलंय. मुलीने हसत सही केली.