मदत हवी आहे: विटांच्या उंच धुराड्याला सळया कोणत्या हिशोबाने द्यायच्या?

नमस्कार मंडळी. कराडजवळ गुळाच्या मोठ्या गुऱ्हाळासाठी २४ मीटर उंच विटांचं धुराडं बांधायचंय. पायथ्याला बाहेरचा व्यास ३ मीटर, भिंत दोन विटांची. वाऱ्याचा मूळ वेग ३९ मी./से. धरला, तर पायथ्याशी ताण जवळपास शून्यावर येतो, स्ववजन जेमतेम पुरतं. पण कोयना शेजारी आहे. भूकंप धरला की एका बाजूला ताण येतोच आणि विटेला ताण झेपत नाही. म्हणून भिंतीतल्या पोकळीत उभ्या सळया टाकून ग्राऊट (पातळ सिमेंट मिश्रण) भरायचा विचार आहे.

अडचण अशी की भारतीय मानकांपैकी आयएस ४९९८ आरसीसी चिमणीसाठी, आयएस ६५३३ स्टीलच्या चिमणीसाठी. आयएस १९०५ मध्ये नुसतं विटांचं बांधकाम, सळया नाहीत. मग सळयांचा हिशोब आरसीसी चिमणीच्या गोल कड्यासारखा केला तर चालेल का?

दुसरं, आतून गरम, बाहेरून गार, त्यामुळे बाहेरच्या अंगाला उभ्या भेगा जातात. जुन्या धुराड्याला मिस्त्रीने लोखंडी पट्टे आवळलेत, तरी नखभर फट दिसतेच. आडव्या कड्या किती अंतरावर घ्याव्यात? आतलं अस्तर किती उंचीपर्यंत, आणि मध्ये मोकळी फट सोडावी का?

कुणी प्रत्यक्ष बांधलंय का? फोटो असेल तर सोन्याहून पिवळं.