फितरा किती काढायचा? दोन मशिदीत दोन आकडे, घरात सहा माणसं आणि सातवं येणार

गिट्टीखदानवाला:
अस्सलामु अलैकुम सगळ्यांना. अब्बा मागच्या वर्षी गेले, त्यामुळे यंदा फितऱ्याचा, म्हणजे ईदच्या नमाजआधी घरातल्या माणशी गरिबाला द्यायच्या धान्याचा किंवा त्याच्या किमतीचा, हिशोब पहिल्यांदा माझ्याकडे आला आहे आणि खरं सांगतो काहीच समजून नाही राहिलं. अब्बा दरवर्षी विसाव्या रोज्यानंतर कागदावर सगळ्यांची नावं लिहायचे, पुढे आकडा टाकायचे आणि पाकीट करून ठेवायचे, आम्ही कधी विचारलंच नाही की हा आकडा येतो कुठून. आता इथे नागपुरात आमच्या मशिदीच्या बोर्डावर माणशी ७५ रुपये लिहिलंय, जाफर नगरला मामाकडे इफ्तारला गेलो तर तिथल्या मशिदीत ६० लिहिलेलं. गहू तर एकच ना, मग दोन भाव कसे? ऑफिसमधली एक ताई रत्नागिरीची आहे, ती म्हणते आमच्यात पैसे चालतच नाहीत, तांदूळच द्यावा लागतो.

घरात मी, बायको, दोन लहान मुलं, अम्मी आणि दादी. दादी अंथरुणावर आहे, तिचे रोजे होत नाहीत. बायकोला नववा लागलाय, बाळ ईदच्या आधी येईल की नंतर माहीत नाही. आणि एक, रेशनवर गहू फुकट मिळतो तर भाव कोणता धरायचा? माझी एक बहीण कामठीला राहते, तिचा नवरा वारला, शिलाईवर घर चालवते, तिला दिला तर चालतो का? आम्ही हनफी आहोत, म्हणजे इस्लामी कायद्याच्या हनफी पंथाचे. कोणी नीट समजावून सांगा, मला नुसता आकडा नको, हिशोब पाहिजे.

इतवारी_धान्यवाला:
भाऊ, तुमच्या धर्मातलं मी सांगू शकत नाही, मी हिंदू माणूस, पण वजनाचा घोळ मी सांगतो कारण रमजानच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे फितऱ्याचा गहू नेणारी पुष्कळ गिऱ्हाइकं येतात, कोणी १ किलो ६३३ ग्रॅमच्या पुड्या बांधून मागतो कोणी २ किलो ४७ ग्रॅमच्या. मलाही आधी वाटायचं हे असे अर्धवट आकडे काऊन आहेत. मग माझ्या वडिलांनी सांगितलं की हे किलोचे आकडे नाहीतच, हे शेर-तोळ्याचे आहेत. जुना शेर म्हणजे ८० तोळे, आणि तोळा म्हणजे ११.६६४ ग्रॅम, म्हणजे शेर ९३३ ग्रॅमचा. आता पावणेदोन शेर करून बघा, १४० तोळे होतात, त्याचे बरोबर १ किलो ६३३ ग्रॅम. आणि दुसरा आकडा दोन शेर तीन छटाक (छटाक म्हणजे पाच तोळे) आणि वर अठन्नीभर, म्हणजे एकशे साडेपंच्याहत्तर तोळे, त्याचे २ किलो ४७ ग्रॅम. जुन्या चांदीच्या रुपयाचं वजन एक तोळा असायचं ना, म्हणून अठन्नीभर म्हणजे अर्धा तोळा. १९५८ नंतर किलो आले, शेर गेले, पण हिशोब तोच राहिला. माझ्या दुकानात अजून एक लोखंडी शेर पडून आहे, डिजिटल काट्यावर ठेवला तर ९२९ दाखवतो, चार ग्रॅम झिजला बिचारा.

सध्या माझ्याकडे लोकवन ३६ रुपये किलो आहे. दोन्ही वजनांना ३६ ने गुणा आणि वरच्या पाचात गोल करा, तुमचे ६० आणि ७५ कुठून आले ते दिसेल.

मोमीनपुरा_मास्तर:
धान्यवाले भाऊंनी अर्धं काम केलं, त्यांचे आभार. पुढचं मी सांगतो, मी आलिम (धर्माचा जाणकार) नाही, शाळेत गणित शिकवायचो, पण फितऱ्याचे मसले, म्हणजे नियम, पस्तीस वर्षांपासून मुफ्ती साहेबांना विचारून विचारून लिहून ठेवले आहेत.

मूळ माप आहे साअ. हे वजन नाही, मापाचं भांडं आहे, आपल्या पायलीसारखं. पायलीत चार शेर तसे साअमध्ये चार मुद, आणि मुद म्हणजे साधारण दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. हजरत इब्न उमर यांच्या हदीसमध्ये (पैगंबरांबद्दलच्या नोंदीत) आहे की नबी सल्ललाहु अलैहि वसल्लम यांनी फितरा म्हणून खजुराचा एक साअ किंवा जवाचा एक साअ ठरवला, लहान-मोठा, बाई-पुरुष प्रत्येक मुसलमानामागे, आणि तो लोक ईदच्या नमाजला निघायच्या आधी द्यायचा. गव्हाचं म्हणाल तर हनफींमध्ये अर्धा साअ पुरतो. आता भांड्यात गहू भरला तर वेगळं वजन, जव भरला तर वेगळं, म्हणून उलेमांनी वजनात बसवताना दोन हिशोब झाले. देवबंदी मसलकात (हनफींमधल्या देवबंदी आणि बरेलवी या दोन विचारांपैकी एक) अर्धा साअ पावणेदोन शेर धरतात. बरेलीचे आला हजरत अहमद रझा खान यांनी खबरदारी म्हणून मोठं माप धरलं, ते एकशे साडेपंच्याहत्तर रुपयेभर, म्हणजे तेवढेच तोळे. दोन्हीकडे अभ्यास आहे, दोन्ही बोर्ड खरे आहेत, तुमच्या घरी अब्बा ज्या मशिदीचं धरायचे ते धरा, आणि मनात शंका असेल तर मोठा आकडा द्या म्हणजे शंकाच उरत नाही.

भाव बाजाराचा धरायचा, रेशनचा नाही. रेशनचा गहू सरकार देतं म्हणून फुकट आहे, गरिबाच्या हातात तुम्ही किंमत देऊन राहिले तर तेवढ्यात दुकानातून तेवढा गहू आला पाहिजे ना. आणि तुम्ही घरी जो गहू खाता त्याचाच भाव लावा, घरात शरबती आणि फितऱ्याला सगळ्यात हलका असं करू नका.

आता माणसं. फितरा वाजिब (बंधनकारक) होतो निसाब असलेल्यावर, म्हणजे ईदच्या सकाळी सुबह सादिकला, पहाट फुटताना, ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त असं साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीचं काही आहे, सोनं, रोकड, पडून असलेलं जास्तीचं सामान सगळं मिळून, आणि डोक्यावरचं कर्ज वजा करून. जकातीसारखं (दरवर्षी मालमत्तेवर द्यायचं दान) त्यावर वर्ष फिरायची गरज नाही. इथे एक चूक खूप लोक करतात म्हणून सांगतो, आपल्या सराफ्यात तोळा आता १० ग्रॅमचा झालाय, लोक ५२५ ग्रॅमने हिशोब लावतात. शरीयतचा तोळा जुना ११.६६४ वाला, म्हणून निसाब ६१२.३६ ग्रॅम चांदी. सोपं म्हणून समजा चांदी ग्रॅमला १०० रुपये असती तर ६१,२३६ रुपये झाले असते, तुम्ही त्या दिवशीचा भाव सराफ्यात विचारून गुणा.

तुमचा स्वतःचा आणि दोन्ही लहान मुलांचा फितरा तुमच्यावर. बाळ ईदच्या पहाटे सुबह सादिकच्या आधी आलं तर त्याचाही, नंतर आलं तर नाही. बायकोचे दागिने असतील तर तिचा फितरा तिच्यावर, पण तिला सांगून तुम्ही दिला तर होतो, आपल्याकडे सगळे तसंच करतात. अम्मीच्या नावावर सोनं-पैसा निसाबाएवढा असेल तर त्यांचा त्यांच्यावर, त्यांना विचारून तुम्ही द्या. दादीकडे स्वतःचं काही नसेल तर तिच्यावर वाजिब नाही आणि तुमच्यावरही नाही, प्रेमाने दिला तर सवाब (पुण्य) आहे. रोजे होत नाहीत म्हणून फितरा माफ होत नाही, रोज्याशी त्याचं नातं नाही, ज्याच्याकडे निसाब आहे त्याने रोजे ठेवले नसले तरी द्यायचा.

बहिणीला द्या, नक्की द्या. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं, नवरा-बायको यांना नाही देता येत. बहीण गरजू असेल आणि तिच्याकडे निसाब नसेल, तुम्ही सय्यद (नबींच्या वंशातले) नसाल, तर तिचा हक्क आधी. मशिदीच्या बांधकामाला मात्र फितरा चालत नाही, हा माणसाच्या हातात गेला पाहिजे.

रत्नागिरी_टू_नागपूर:
ती ऑफिसवाली ताई मीच आहे बहुतेक 🙂 भाऊ, मी चुकीचं नव्हते सांगत, आम्ही कोकणातले शाफई, हनफीसारखाच दुसरा पंथ, आमच्यात घरात जे रोजचं धान्य तेच द्यायचं, म्हणून तांदूळ, आणि गहू असो की तांदूळ पूर्ण एक साअ, आमच्या घरी खबरदारी म्हणून माणशी तीन किलो मोजतात. रोकड आमच्या मसलकात मान्य नाही. निसाबही बघत नाहीत, ईदच्या दिवस-रात्रीपुरतं घरच्यांचं जेवण भागून उरत असेल तर द्यायचा. बायकोचा नवऱ्यावर असतो, तुमच्या दादीसारखी सांभाळायला असलेली आजी असती तर तिचाही तुमच्यावरच आला असता. बाळाचं पण वेगळं, शेवटच्या रोज्याचा सूर्य मावळायच्या आधी जन्मलं पाहिजे. नागपुरात आल्यावर पहिल्या वर्षी तांदळाच्या पिशव्या घेऊन मी फिरले आणि घेणारी बाई म्हणाली बेटा पैसे असते तर पोराला चप्पल घेतली असती, मला खूप वाईट वाटलं. तेव्हापासून तांदूळ फितऱ्याचा देते आणि चपलेचे पैसे वेगळे सदका (ऐच्छिक दान) म्हणून देते.

मोमीनपुरा_मास्तर:
ताईंनी चांगलं सांगितलं. हनफींमध्ये किंमत देता येते ती याचसाठी, गरिबाला ज्याची गरज ते त्याने घ्यावं. आणि एक मनातलं बोलतो, भाऊ. गहू हे सगळ्यात कमी असलेलं माप आहे. जव, खजूर, किशमिश यांचा पूर्ण साअ लागतो, म्हणजे २ किलो ४७ ग्रॅमच्या दुप्पट. बाजारात जव ५० रुपये किलो असेल तर ४ किलो ९४ ग्रॅमचे साधारण २०५ होतात, खजूर २४० ने घेतली तर ९८३, किशमिश ४०० ने घेतली तर १६३८ च्या आसपास. ज्याला ऐपत आहे, ज्याच्या घरी इफ्तारला महिनाभर भारी खजूर येते, त्याने ७५ रुपये देऊन मोकळं होऊ नये असं मला फार वाटतं. बोर्डावर चारही आकडे लिहायला पाहिजेत, आमच्या मोहल्ल्यात मी मागे लागून लिहायला लावले, पहिल्याच वर्षी दोन-तीन घरांनी खजुराचा दिला.

गिट्टीखदानवाला:
जजाकल्लाह सगळ्यांना, धान्यवाले दादा तुमचे पण खूप आभार. अम्मीला विचारलं, तिच्या पाटल्या आणि पोस्टातले पैसे मिळून निसाबाच्या वर जातात. म्हणजे मी, बायको, दोन पोरं, अम्मी असे पाच. अम्मीने सांगितलं की अब्बा गव्हाचाच काढायचे पण स्वतःच्या नावापुढे नेहमी मोठा आकडा असायचा, आम्हाला वाटायचं चुकून लिहिलं. तो खजुराचा असणार. मग मी माझा खजुराचा काढतो ९८३, बाकी चौघांचा गव्हाचा ७५ प्रमाणे ३००, आणि दादीचा ७५ माझ्याकडून. एकूण १३५८. बाळ आधी आलं तर अजून ७५. बहिणीला कधी देऊ, चांद रातीला, ईदच्या आदल्या रात्री, नेऊन दिला तर चालेल ना?

मोमीनपुरा_मास्तर:
चालेल, पण चांद रातीला तुम्ही कामठीला गेले तर ती बिचारी बाजारात कधी जाईल आणि पोरांचे कपडे कधी घेईल, ती तर त्या रात्री लोकांचे कपडे शिवत बसली असेल. रमजानमध्ये आधीही देता येतो. या रविवारीच जाऊन या, आणि पाकिटावर फितरा लिहू नका, मनात नियत असली की पुरे, तिला ईदी म्हणून द्या.