ओहमचा नियम न येणाऱ्याने माइक धरावा का?

लघुलहरी:
मागच्या महिन्यात हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची, सर्वांत खालच्या श्रेणीची परीक्षा पास झालो, कॉलसाइन (हवेतलं अधिकृत नाव) मिळाला. शिक्षण वाणिज्य शाखेचं. काल 40 मीटरच्या, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या बँडवर एका ज्येष्ठ ऑपरेटरशी बोलत होतो. त्यांनी विचारलं, एसडब्ल्यूआर किती? (अँटेना रेडिओशी किती जुळली त्याचा काहीतरी आकडा.) म्हटलं, रिगवर (रेडिओ संचावर) 1.5 दिसतोय, पण तो आकडा नेमका काय सांगतो हे अजून नीट कळलेलं नाही. पलीकडून उत्तर, "मग आधी अभ्यास करा, नंतर बोला." आणि गेले. निरोपाचं सेव्हंटी-थ्रीसुद्धा नाही.
मला लोकांशी बोलायला आवडतं, दूरचे आवाज ऐकायला आवडतं. सर्किट पाहिलं की झोप येते. अशा माणसाला या छंदात जागा असावी की नसावी? खरं सांगा, समजूत घालू नका.

तांब्याची तार:
निघून जाणं असभ्यपणाचं. प्रश्न मात्र रास्त होता.
गाडी चालवायला इंजिन कुठे उघडता यावं लागतं, हा दाखला इथे कुणीतरी देणारच, म्हणून आधीच बोलतो. गाडी कारखान्यातून तपासून येते. हौशी रेडिओत बहुतेक देशांत तुम्ही घरी जोडलेला ट्रान्समीटर कुठल्याही प्रमाणपत्राशिवाय हवेत सोडू शकता. ही मुभा इतर सेवांना सहसा मिळत नाही. आपल्याला का मिळते? कारण यंत्राऐवजी माणूस तपासलेला असतो. माणसाची तपासणी सैल केलीत तर त्या सवलतीचा आधारच जातो.
आणि ही मुभा कमावलेली आहे. 1912 च्या अमेरिकी कायद्याने हौशींना 200 मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकललं, कारण त्या निरुपयोगी समजल्या जात. नोव्हेंबर 1923 मध्ये त्यांनीच 110 मीटरच्या आसपास अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संपर्क करून दाखवला. हे गप्पा मारून झालं नाही.

फाइव्ह-नाइन:
तारकाका, कमावलं त्यांनी, पहारा देताय तुम्ही. :)
आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीत हौशी सेवेची व्याख्या आहे. तीत तीन हेतू येतात: स्वशिक्षण, आपापसातला संपर्क आणि तांत्रिक शोध. स्वशिक्षण पहिलं. शिकायला येणारा न शिकलेलाच असणार ना? दारावर "शिकून या" अशी पाटी लावली तर आत शिकवायचं कुणाला?

तांब्याची तार:
त्याच व्याख्येत पुढे "रेडिओतंत्रात रस असलेल्या, रीतसर परवानगी मिळालेल्या व्यक्ती" असंही म्हटलंय. तेही वाचा. धागाकर्ते स्वतःच सांगतायत की सर्किट पाहिलं की झोप येते.

फाइव्ह-नाइन:
रस आणि पात्रता एक नव्हे. परीक्षा नको असं इथे कुणीच म्हणत नाहीये. तांत्रिक आणि कार्यात्मक पात्रता तपासलीच पाहिजे, असं तीच नियमावली प्रत्येक देशाला सांगते. वाद किती खोल तपासायचं याचा आहे. परीक्षेतली मोर्सची (टिंब-रेघांच्या संकेतांची) सक्ती काढली तेव्हा हेच रडगाणं झालं होतं. अमेरिकेने 1991 मध्ये टेक्निशियन परवान्यासाठी मोर्स काढलं, 2003 च्या जागतिक परिषदेने ते देशांच्या मर्जीवर सोडलं, 2007 मध्ये अमेरिकेत सगळ्याच श्रेणींतून गेलं. प्रत्येक वेळी "आता बँडांचा बाजार होणार" ही भविष्यवाणी ठरलेली. आज बँडच्या खालच्या टोकाला जा, डिट-डाह चालूच आहे. सक्ती गेली, आवड राहिली.

बॅटरी संपली:
बाजार झाला नाही कसा? संध्याकाळी 7.1 मेगाहर्ट्झच्या आसपास कान लावून बघा एकदा.

मध्यस्थ तरंग:
माझं गाऱ्हाणं परीक्षेबद्दल नाही, परीक्षेनंतरच्या आळसाबद्दल आहे. आमच्या जवळच्या एका नव्या ऑपरेटरने एफटी-8 (संगणकाने छोटे निरोप पाठवायचा मोड) सुरू केलं. संगणकाचा आवाज पूर्ण वर, एएलसीची (आवाजाचा जोर जास्त झाल्याचं दाखवणारी) सुई टोकाला. एफटी-8 चा एक सिग्नल जेमतेम 50 हर्ट्झ रुंद असतो, म्हणून 3 किलोहर्ट्झच्या खिडकीत डझनावारी लोक मावतात. याचा सिग्नल विकृत होऊन खिडकीभर भुतं, म्हणजे खोटे सिग्नल, उमटायची. बाकीचे सगळे गप्प. मी कळवलं तर म्हणे, "पण पॉवर जास्त दिसतेय ना?" हा माणूस वाईट नाही. आपण काय करतोय ते त्याला दिसतच नव्हतं. ऑडिओ कमी करायला सांगितलं, पाच मिनिटांत सुटलं. पण त्याआधी तीन आठवडे तो तसाच चालला होता.
म्हणून मला ओहमचा नियम कमी महत्त्वाचा वाटतो. आपला सिग्नल दुसऱ्याला कसा ऐकू जातोय याचं भान आधी हवं.

तांब्याची तार:
एफटी-8 बद्दल बोलूच नका. एक संगणक दुसऱ्या संगणकाला 15-15 सेकंदांच्या चिठ्ठ्या पाठवतो आणि माणूस चहा पितो.

फाइव्ह-नाइन:
चहाचा कप हातात असला तरी हे मोड काढणाऱ्यांत जो टेलर आहेत, 1993 चे भौतिकशास्त्रातले नोबेलविजेते आणि स्वतः हॅम. एवढा मोठा माणूस सामान्यांना वापरता येईल असं सॉफ्टवेअर फुकट देतो, आणि आपण सामान्यांनाच हाकलायचं?
अजून एक. 1961 मध्ये हौशींनी बांधलेला ऑस्कर-1 उपग्रह कक्षेत गेला. तो मोर्समध्ये फक्त "हाय" म्हणायचा आणि ते म्हणण्याचा वेग आतल्या तापमानानुसार बदलायचा. 28 देशांतल्या 570 हून अधिक लोकांनी ऐकून नोंदी पाठवल्या. बांधणारे मूठभर. तापमान कळलं ते घड्याळ लावून बीप मोजणाऱ्यांमुळे.

तांब्याची तार:
दाखला चांगला, पण अर्धा. 1961 मध्ये 144 मेगाहर्ट्झवरचा तो इवलासा सिग्नल पकडायला बऱ्याच जणांना कन्व्हर्टर (रिसीव्हरला ती वारंवारता ऐकवणारी जोडणी) स्वतः जुळवावा लागत होता. तुमचे "मोजणारे"सुद्धा सोल्डरिंग करणारेच होते.

फाइव्ह-नाइन:
हा मुद्दा मान्य.

कानाने पाहणारा:
बरेच दिवस नुसतं वाचत होतो. मी जन्मापासून अंध आहे. सोल्डरिंग करणारे अंध हॅम मला माहीत आहेत, मी त्यांच्यातला नाही. माझी अँटेना मित्राने उभारली, रिग बोलून वारंवारता सांगतो.
मी नेट चालवतो. म्हणजे आठवड्यातून ठरल्या वेळी एका फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांना क्रमाने घेणं. दोघे एकदम आले तर कोणाला थांबवायचं, क्षीण सिग्नलला आधी वाट कशी द्यायची, तातडीचा निरोप आला तर गप्पा कशा तोडायच्या, हे सगळं कानावर आणि जिभेवर चालतं. डेसिबलचं गणित चोख असणारे लोक इथे माइक दाबून बसतात आणि दुसऱ्याला श्वास घेऊ देत नाहीत. त्यांना लिड (बेशिस्त ऑपरेटर) म्हणायचं की नाही? 2004 च्या त्सुनामीच्या वेळी अंदमानात हॅम पथक दुसऱ्याच कामासाठी, दूरदेशीचे संपर्क जोडायला गेलेलं होतं. लाटा आल्या आणि तेच लोक निरोप पोचवायला बसले. तिथे रिग चालू ठेवणारा लागतो, तसाच निरोप चुकू न देता लिहून घेणाराही लागतो. दुसऱ्या कामाला कुणी "उच्च पात्रता" म्हणत नाही, ही माझी तक्रार.

मध्यस्थ तरंग:
हे पटलं. यावर काही बोलण्यासारखं नाही.

तांब्याची तार:
तुमच्या नेटवर मी येत असेन तर माफी आधीच मागून ठेवतो.
तरी माझी भूमिका सोडत नाही. शब्द बदलतो. पात्रता नसलेल्याला बंदी नको, पॉवरची पायरी हवी. ब्रिटनने फाउंडेशन परवाना सुरू केला तेव्हा मर्यादा 10 वॅट होती. 10 वॅटमध्ये चूक झाली तर शेजाऱ्याचा स्पीकर गुरगुरेल. 400 वॅटमध्ये अँटेनाच्या टोकाला हात लागला तर माणूस भाजतो. आणि खांब उभारताना विजेच्या तारेला टेकला तर पॉवर किती हा प्रश्नच उरत नाही, तिथे 1 वॅटवालाही मरतो. "तांत्रिक ज्ञान म्हणजे उच्चभ्रूपणा" असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

बॅटरी संपली:
पायरी ठेवली की पायरीवरचा खालच्याला तुच्छ लेखणार. कालचा किस्सा त्याचाच नमुना नाही का?

लघुलहरी:
सगळं वाचतोय. खांबाचं वाचून घाबरलो, माझी तार गच्चीच्या कठड्यापासून झाडापर्यंत आहे. विजेची तार लांब आहे, मोजून आलो. पण एक विचारू? बोलायला लागलो की घरातला स्पीकर खरखरतो. हे एसडब्ल्यूआरमुळे का?

तांब्याची तार:
बहुधा नाही. 1.5 चांगला आहे. तुमची आरएफ (रेडिओ ऊर्जा) कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) बाहेरच्या जाळीवरून घरात परत येत असेल. फीड पॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) चोक (ती आरएफ अडवणारं वेटोळं) आहे का? नसेल तर योग्य प्रकारच्या फेराइट रिंगवर कोॲक्सचे दहाएक वेढे घ्या. आणि तारेची लांबी सांगा, 7.1 साठी पूर्ण डायपोल (मधोमध जोडलेली दोन बाजूंची तार) 20 मीटरच्या आसपास यायला हवा.
(हा अभ्यासच आहे, बरं का.)

लघुलहरी:
19.2 आहे. झाडाच्या बाजूला कमी पडली.

तांब्याची तार:
मग तार बँडच्या वरच्या वारंवारतेला जुळतेय, म्हणजे रेझोनन्स तिथे येतोय. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जोडा. झाडाकडच्या टोकाला इन्सुलेटर लावलाय की तार थेट फांदीला बांधलीय?

लघुलहरी:
थेट.

फाइव्ह-नाइन:
काका, आता श्वास घ्या.