मदत हवी आहे: खांदा-दंडाच्या स्नायूंचा नर्व्ह सप्लाय डोक्यात बसत नाही

ॲनाटॉमीची व्हायवा (तोंडी परीक्षा) जवळ आलीय. ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची, आकृती डोळे मिटून काढते: सी ५ ते टी १ रूट्स, ३ ट्रंक, ६ डिव्हिजन, ३ कॉर्ड. पण एखाद्या स्नायूवर बोट ठेवून 'याची नर्व्ह कोणती?' विचारलं की बोलती बंद.

मी असं धरून चालते की कोपर वाकवणारे स्नायू मस्क्युलोक्युटेनियस नर्व्हचे, सरळ करणारा ट्रायसेप्स रेडियल नर्व्हचा. मग ब्रेकियोरेडियालिस कोपर वाकवतो, तरी रेडियलवर कसा? टेरीस मेजर आणि मायनर हे खांद्यामागचे स्नायू शेजारी, तरी नर्व्ह वेगळ्या. खांद्याच्या पात्यावरच्या सुप्रास्पायनेटसची नर्व्ह तर कुठल्याच कॉर्डवर सापडत नाही. पाठांतराच्या युक्त्या नकोत, ढिगाने आहेत. कारण सांगा.

प्रतिसाद १:
स्नायू काय करतो यावरून नर्व्ह शोधू नका, तो गर्भात कुठल्या बाजूला तयार झाला ते बघा. हाताचा अंकुर फुटतो तेव्हा स्नायूंचे पुढचा आणि मागचा असे दोन गट पडतात. पुढच्याला अँटिरियर डिव्हिजनमधून नर्व्ह मिळतात, मागच्याला पोस्टिरियर. ब्रेकियोरेडियालिस मागच्या गटातला, फक्त कोपराच्या पुढून जातो, म्हणून वाकवतो. ब्रेकियालिसला मात्र दोन्हीकडून: मुख्य मस्क्युलोक्युटेनियस, बाहेरच्या भागाला रेडियलची फांदी. (परीक्षकांचा लाडका प्रश्न!)

दोन्ही टेरीस पोस्टिरियर कॉर्डचेच. ॲक्झिलरी नर्व्ह या दोघांच्या मधून मागे जाते, मायनर आणि डेल्टॉइडला (खांद्यावरचा मोठा स्नायू) फांद्या देते. मेजरला लोअर सबस्कॅप्युलर.

सुप्रास्पायनेटस-इन्फ्रास्पायनेटसची सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह अप्पर ट्रंकवरूनच सुटते, कॉर्ड बनण्याआधी. सेरेटस अँटिरियरची लाँग थोरॅसिक तर थेट रूट्सवरून. ट्रॅपेझियस या प्लेक्ससचा नाहीच, त्याला स्पायनल ॲक्सेसरी.

प्रतिसाद २:
फ्रॅक्चर डोळ्यासमोर आणा. ह्युमरस (दंडाचं हाड) सर्जिकल नेकला, म्हणजे वर खांद्याजवळ, मोडलं तर धोका ॲक्झिलरीला: डेल्टॉइड लुळा, खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा. मधोमध मोडलं तर रेडियलला. मनगट लोंबतं, कोपर मात्र बहुधा सरळ करता येतो, कारण ट्रायसेप्सच्या बऱ्याच फांद्या वरच सुटलेल्या असतात.

धागाकर्ती:
ब्रेकियोरेडियालिस सुटला एकदाचा! मग ॲक्झिलरी गेली तरी हात बाजूला उचलायला सुरुवात होईल का, सुप्रास्पायनेटस शाबूत आहे म्हणून?

प्रतिसाद १:
होईल, पण जोर कमी. पुस्तकी उत्तर 'पहिले १५ अंश सुप्रास्पायनेटसचे'. प्रत्यक्षात तो आणि डेल्टॉइड सुरुवातीपासून एकत्रच काम करतात. व्हायवात आधी पुस्तकी उत्तर द्या, विचारलं तरच पुढचं.